ब्रिटनमध्ये नवे आहात? मत, खासदार आणि दबावगट: कुठल्या कामाला कुठलं दार

पुण्याहून लीड्सला किंवा नाशिकहून स्लाऊला आलेल्या माणसाचे पहिले काही महिने घर, बँक खातं आणि डॉक्टरकडची नोंदणी यातच जातात. मग एक दिवस कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र दारात पडतं: या घरात मतदार कोण कोण आहेत? 'आपण कुठे इथले नागरिक' असं म्हणून ते पत्र बहुतेक घरांतून रद्दीत जातं. चूक इथूनच सुरू होते. भारतीय पासपोर्ट हातात असलेला, वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणारा माणूस इथे मतदार होऊ शकतो, तोही फक्त नगरपालिकेपुरता नाही, थेट संसदेच्या निवडणुकीसाठी.

कारण ऐतिहासिक आहे. साम्राज्याच्या काळात मताचा हक्क 'ब्रिटिश प्रजाजनां'ना होता. साम्राज्य गेलं, राष्ट्रकुल आलं, पण हक्क तसाच राहिला. १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तो राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांसाठी आहे. म्हणून इथे वीस वर्षं राहिलेल्या फ्रेंच माणसाला संसदेसाठी मत नाही आणि गेल्या महिन्यात आलेल्या सांगलीच्या विद्यार्थ्याला आहे. अट एवढीच, की तुम्ही इथे राहायला हवं आणि राहण्याची परवानगी वैध हवी. ती विद्यार्थी व्हिसाची, कामाच्या व्हिसाची, जोडीदार म्हणून मिळालेली, कशीही असो. दोन महिने नातवंडांना भेटायला आलेले आईवडील पाहुणे ठरतात, रहिवासी नव्हेत. त्यांचं नाव घालू नका.

इथे नाव नोंदवल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. व्हिसाच्या अर्जावरही मतदानाचा बरावाईट परिणाम होत नाही.

पहिलं काम: यादीत नाव

पूर्वी घरातला कर्ता माणूस सगळ्यांची नावं एका कागदावर भरून देत असे. २०१४ पासून ज्याने त्याने स्वतःचं नाव स्वतः नोंदवायचं आहे. नवऱ्याने फॉर्म भरला म्हणजे बायकोचं नाव आपोआप येत नाही. बऱ्याच घरांत हे मतदानाच्या आठवड्यात कळतं.

सरकारच्या संकेतस्थळावर 'रजिस्टर टू व्होट' या पानावर पाच मिनिटांचं काम आहे. जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व (इथे 'इंडियन' निवडायचं, घाबरायचं नाही) आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक लागतो. क्रमांक अजून मिळाला नसेल तर तसं लिहा. मग कौन्सिल पासपोर्टची प्रत किंवा दुसरा पुरावा मागेल. त्या मागणीला उत्तर दिलं नाही तर अर्ज तिथेच अडकतो आणि तुम्हाला वाटत राहतं की नोंदणी झाली. उत्तर आयर्लंडची नोंदणी वेगळ्या कार्यालयाकडे आहे.

नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव मध्ये घालण्याची आपली पद्धत इथे घोळ करते. यादीत 'अमृता देशपांडे' आणि ओळखपत्रावर माहेरचं नाव असेल तर मतदान केंद्रावर खुलासा करत बसावं लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा कागद सोबत ठेवा.

अर्जात 'ओपन रजिस्टर'मध्ये नाव ठेवायचं का असा प्रश्न येतो. नाही म्हणा. ही यादी कोणालाही विकत घेता येते, आणि मग जाहिरातींची पत्रं सुरू होतात. मूळ यादी वेगळी, ती कर्जदाराची पत तपासणाऱ्या कंपन्यांना पाहता येते. यादीत नाव असणं कर्ज किंवा मोबाइलचा करार घेताना उपयोगी पडतं. लोकशाहीचं प्रेम उतू जात नसलं तरी एवढ्या कारणासाठीही नोंदणी करावी.

शेवटची तारीख मतदानाच्या १२ कामकाजाच्या दिवसांआधीची असते. पण मुळात निवडणुकीची वाट कशाला पाहायची? घर बदललं की लगेच नवी नोंदणी करा, कारण जुना पत्ता आपोआप बदलत नाही. कौन्सिलच्या वार्षिक चौकशीला उत्तर दिलं नाही तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि खोटी माहिती देणं हा त्याहून गंभीर गुन्हा. नोंदणी करा असं सांगूनही टाळाटाळ केली तर ८० पौंड. विद्यार्थ्यांना वसतिगृहाचा आणि घरचा अशा दोन्ही ब्रिटिश पत्त्यांवर नोंदणी करता येते. दोन्ही ठिकाणच्या कौन्सिल वेगळ्या असतील तर स्थानिक निवडणुकीत दोन्हीकडे मत देता येतं, संसदेसाठी मात्र एकदाच. दोनदा दिलं तर गुन्हा.

संसदेसाठी वय १८ लागतं. स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्वतःच्या निवडणुकांत १६. ते सगळीकडेच १६ करण्याचा इरादा सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. घरात दहावी-अकरावीच्या वयाची मुलं असतील तर इकडे लक्ष ठेवा.

मतदानाचा दिवस

मतदान गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. सुट्टी नाही, बोटाला शाई नाही, यंत्र नाही. कागदी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि एक फुली. चर्चचं सभागृह, शाळा, वाचनालय, कधीकधी चक्क पब अशा ठिकाणी केंद्र असतं. घरी आलेल्या पोल कार्डावर ते लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं तरी मत देता येतं. पण केंद्र ठरलेलंच हवं, जवळ दिसलं म्हणून दुसरीकडे जाऊन चालत नाही. रात्री दहाच्या ठोक्याला तुम्ही रांगेत असाल तर मत देऊनच बाहेर पडाल.

खरी अडचण ओळखपत्राची. २०२२ च्या निवडणूक कायद्याने फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं आणि मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत ते पहिल्यांदा लागू झालं. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. भारतीय वाहन परवाना चालत नाही, ब्रिटिश चालतो. आधार कार्ड चालत नाही. विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही, त्यामुळे दरवेळी काही विद्यार्थी दारातून परत जातात. गंमत अशी, की साठीच्या पुढच्यांचा लंडनचा प्रवास पास चालतो आणि तरुणांचा रेल्वे पास चालत नाही. या भेदावर बरीच टीका झाली, नियम बदलण्याची भाषाही झाली. म्हणून प्रत्येक निवडणुकीआधी इलेक्टोरल कमिशनची यादी एकदा पाहा. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, फक्त फोटोत तुम्ही तुमच्यासारखे दिसायला हवेत. पासपोर्ट नूतनीकरणासाठी भारतीय उच्चायोगाकडे अडकला असेल तर 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' मोफत मिळतं. अर्ज मतदानाच्या सहा कामकाजाच्या दिवसांआधी, संध्याकाळी पाचच्या आत. स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्वतःच्या निवडणुकांत (त्यांची संसद, तिथल्या कौन्सिल) ही सक्ती नाही. उत्तर आयर्लंडची यादी स्वतंत्र.

केंद्राबाहेर पक्षाचं फुलासारखं रिबन लावलेली माणसं तुमचा मतदार क्रमांक विचारतील. त्यांना 'टेलर' म्हणतात, कपडे शिवणारे नव्हेत. आपले मतदार येऊन गेले की नाही हे पक्षाला कळवण्यासाठी ते उभे असतात. त्यांचा निवडणूक यंत्रणेशी संबंध नाही. क्रमांक द्यायचा तर द्या, नाही तर हसून पुढे जा.

पोस्टाने मत हवं असेल तर अर्ज ११ कामकाजाच्या दिवसांआधी, संध्याकाळी पाचपर्यंत. हल्ली ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षंच टिकते, मग पुन्हा अर्ज. पोस्टल मतं बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण सही आणि जन्मतारीख. आत दिलेल्या कागदावर जन्मतारीख मागितलेली असते आणि लोक घाईत त्या दिवशीची तारीख टाकतात. किंवा अर्जावर सही इंग्रजीत आणि मतदानाच्या कागदावर मराठीत. दोन्ही जुळल्या नाहीत की मत मोजलं जात नाही, मग आतली फुली कितीही ठळक असो. दिवाळीसाठी गावी जाणार असाल तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका. प्रॉक्सी नेमा, म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने केंद्रावर जाऊन दिलेलं मत. त्याचा अर्ज सहा कामकाजाच्या दिवसांआधी.

संसदेची पद्धत आपल्याला ओळखीची आहे: ६५० मतदारसंघ, ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. तिचा विपर्यासही ओळखीचा. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला साधारण ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला सुमारे १४ टक्के मतांवर ५, आणि लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२ टक्के मतांवर ७२. म्हणून तुमचा मतदारसंघ चुरशीचा आहे की एकतर्फी हे आधी पाहा. उत्तर-पश्चिम लंडनमधल्या हेंडनची जागा त्या वेळी १५ मतांनी गेली. एका मराठी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये याहून जास्त माणसं असतात. १८९२ साली दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मतांनी खासदार झाले होते.

बाकी ठिकाणी पद्धती वेगळ्या. स्कॉटलंडच्या संसदेसाठी दोन मतपत्रिका मिळतात, एक मतदारसंघाची आणि एक विभागाची. वेल्समध्ये २०२६ पासून पक्षाच्या यादीला मत द्यायचं. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेसाठी आणि स्कॉटलंडच्या कौन्सिलांसाठी फुली नाही, पसंतीचे आकडे: १, २, ३. एडिनबराला राहायला गेलेला लंडनकर तिथे सवयीने फुली मारून मोकळा होतो.

कोणाचं काम कोणाकडे

नव्या माणसाची निम्मी ताकद चुकीच्या दारावर वाया जाते. कचरा उचलला नाही, रस्त्यात खड्डा, शेजारच्याने परवानगीशिवाय मजला चढवला, पार्किंगचा परवाना: हे सगळं कौन्सिलचं, म्हणजे तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाचं काम. त्यातही इंग्लंडच्या काही भागांत कचरा उचलणं जिल्हा कौन्सिलकडे आणि रस्ते काउंटीकडे असतात. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर कोणाला किती जातं ते छापलेलं असतं, तोच नकाशा समजा. व्हिसा, आयकर, पेन्शन, पासपोर्ट यासाठी खासदार. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य आणि शाळा तिथल्या सरकारांकडे आहेत, तेव्हा त्या तक्रारी वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेतल्या, खासदाराकडे नेऊ नका.

कौन्सिलचं नियोजन खातं किती जोर धरू शकतं याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. लंडनमधल्या १० किंग हेन्रीज रोडवर डॉ. आंबेडकर शिकत असताना राहिले होते. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं, तिथे स्मारक-संग्रहालय केलं आणि भारताच्या पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झालं. पण राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलची परवानगी लागते, ती घेतलेली नव्हती. नंतर मागितली तेव्हा राहण्याची जागा कमी होते या कारणाने कौन्सिलने नाकारली. अपील, जाहीर सुनावणी, आणि शेवटी मार्च २०२० मध्ये मंत्र्यांनी परवानगी दिली. पंतप्रधानांनी फीत कापली तरी वापर बदलण्याचा अर्ज भरावाच लागतो.

तुमच्या भागातल्या अशा अर्जावर हरकत किंवा पाठिंबा द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. रहदारी, उजेड, गोंगाट, शेजारच्या खिडकीतून घरात डोकावलं जाणं, हे मुद्दे धरले जातात. 'आमच्या घराची किंमत उतरेल' हा मुद्दा धरला जात नाही, आणि बहुतेक हरकतींत नेमका तोच पहिला असतो.

खासदाराला गाठणं

इथला खासदार पत्राला उत्तर देतो. हे खोटं वाटेल, पण त्याच्या कार्यालयात त्यासाठीच माणसं असतात आणि तुम्ही मत कोणाला दिलं, दिलं की नाही, मताचा हक्क आहे की नाही, हे पाहिलं जात नाही. पाहिला जातो पोस्टकोड. पत्ता न लिहिलेला ईमेल बाजूला पडतो, कारण दुसऱ्याच्या मतदारसंघातलं प्रकरण हाताळायचं नाही असा खासदारांचा आपसातला दंडक आहे. म्हणून वीस खासदारांना एकच ईमेल पाठवण्यात अर्थ नाही. एकोणीस जण वाचणार नाहीत आणि विसावा म्हणेल, यांनी सगळ्यांनाच लिहिलंय.

संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की नाव मिळतं. 'दे वर्क फॉर यू' या संकेतस्थळावर त्याने कशावर कसं मत दिलं ते दिसतं. लिहिण्याआधी ते वाचा. जो खासदार तुमच्याच बाजूने बोललेला आहे त्याला उपदेश करणं बरं दिसत नाही.

व्हिसा अडकल्याचं पत्र एका पानात बसवा. पूर्ण नाव, पत्ता, पोस्टकोड, जन्मतारीख, गृहखात्याचा अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख, ठरलेली मुदत कधी संपली, आणि नेमकं काय हवं ते एका वाक्यात. जोडीदाराच्या अर्जाबद्दल लिहीत असाल तर त्याची लेखी संमती जोडा, नाहीतर पहिलं उत्तर संमती मागणारंच येतं. नेहमीची मुदत संपायच्या आत लिहिलं तर फारसं काही होत नाही. खासदार चौकशी करू शकतो, निर्णय फिरवू शकत नाही. न्यायालयाच्या निकालात किंवा घरमालकाशी चाललेल्या खासगी भांडणात तो पडणार नाही. पण एक किल्ली त्याच्याकडेच आहे: सरकारी खात्याविरुद्ध लोकपालाकडे तक्रार न्यायची तर ती खासदारामार्फतच जाते.

समोरासमोर भेटायचं तर त्याच्या 'सर्जरी'ची वेळ घ्या. शस्त्रक्रिया वगैरे काही नाही, मतदारांना भेटण्याच्या बैठकीला इथे तसं म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांची भेट समजून जा, आणि कागदांची एक प्रत देऊन या.

माहिती हवी असेल तर माहितीचा अधिकार वापरा. इथला कायदा २००० चा, १ जानेवारी २००५ पासून लागू. अर्ज ईमेलने करता येतो, फी नाही, नागरिकत्वाची अट नाही, उत्तर २० कामकाजाच्या दिवसांत. आपल्याकडच्या दहा रुपयांच्या अर्जाची सवय असलेल्यांना हे सोपं जाईल. मात्र शोधायला फार वेळ लागणारी मागणी खर्चाच्या कारणाने नाकारली जाते. 'गेल्या दहा वर्षांतला सगळा पत्रव्यवहार द्या' असं मागाल तर नकार ठरलेला. एक विषय आणि एका वर्षाचे आकडे मागा.

याचिका: किती चालते, किती नाही

संसदेच्या संकेतस्थळावर याचिका कोणीही ब्रिटनवासी सुरू करू शकतो. सुरुवातीला पाच समर्थक लागतात. मग तपासणी, मग सहा महिने सह्या. १०,००० सह्यांना सरकारचं लेखी उत्तर, १,००,००० ला चर्चेसाठी विचार. सही करणारा ब्रिटिश नागरिक किंवा इथला रहिवासी हवा. कोल्हापुरातल्या मामाला दुवा पाठवू नका.

पुष्कळ याचिका दारातच अडतात: तसाच विषय आधीच चालू आहे, विषय संसदेच्या किंवा सरकारच्या अखत्यारीत नाही (कौन्सिलचा आहे), किंवा मागणीच स्पष्ट नाही. 'स्थलांतरितांना न्याय द्या' ही मागणी नव्हे. 'अमुक नियम बदलण्याआधी इथे असलेल्यांना जुनीच मुदत ठेवा' ही मागणी.

आणि सह्यांनी हुरळून जाऊ नका. २०१९ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडणं रद्द करा म्हणणाऱ्या याचिकेवर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या. चर्चा झाली, आणि ब्रिटन जानेवारी २०२० मध्ये बाहेर पडलं. याचिकेवरच्या चर्चेनंतर सरकारला बांधील करणारं मतदान होत नाही. तिचा खरा उपयोग सरकारकडून लेखी उत्तर काढून घेणं हा आहे. त्या उत्तरातलं वाक्य पुढे खासदाराच्या पत्रात, बातमीत, कधी न्यायालयातही कामी येतं.

दबावगट

अभ्यासाच्या पुस्तकांत दबावगटांचे दोन प्रकार सांगतात: स्वतःच्या सभासदांच्या हितासाठी झगडणारे (डॉक्टरांची ब्रिटिश मेडिकल असोसिएशन, शेतकऱ्यांची नॅशनल फार्मर्स युनियन) आणि एखाद्या कारणासाठी झगडणारे (बेघरांसाठी शेल्टर, पर्यावरणासाठी ग्रीनपीस). कामाचा फरक दुसराच आहे: गट आतला की बाहेरचा. आतल्या गटाला मसुदा ठरण्याआधी मंत्रालयातून फोन येतो. बाहेरच्याला रस्ता, बातमी किंवा न्यायालय. कोणाच्या मागे आपला वेळ घालवायचा हे ठरवताना हे बघा. मोर्चाला गर्दी जमवणारा गट नेहमीच जास्त परिणाम करणारा असतो असं नाही.

स्थलांतरितांच्या प्रश्नांत न्यायालयाची वाट पूर्वी चाललेली आहे. अतिकुशल स्थलांतरितांच्या योजनेत (इंग्रजी आद्याक्षरांनी एचएसएमपी) आलेल्यांना नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने अचानक नवी, कडक गुणपद्धत लावली, आधीपासून इथे असलेल्यांनासुद्धा. त्यांनी एचएसएमपी फोरम उभा केला, न्यायालयात गेले, आणि एप्रिल २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला: योजनेत आधीच घेतलेल्यांना नवे निकष लावणं अन्यायाचं. त्याच महिन्यात भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना बापियो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयात, जिंकली. परदेशी डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागांसाठी मागे ठेवा, असं आरोग्य खात्याने रुग्णालयांना सांगितलं होतं, ते बेकायदा ठरलं. अशा दाव्याची मुदत फार छोटी असते: निर्णयानंतर तातडीने, जास्तीत जास्त तीन महिने. 'आधी बघू काय होतं ते' म्हणत चार महिने घालवले की दार बंद.

गुरखा सैनिकांनी दुसरी वाट वापरली. १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा हक्क नव्हता. अभिनेत्री जोआना लम्ली पुढे आली, प्रकरण घराघरात पोचलं, आणि २९ एप्रिल २००९ ला विरोधी पक्षाच्या ठरावावर सरकार २६७ विरुद्ध २४६ मतांनी हरलं. तीन आठवड्यांत हक्क मिळाला. यात प्रसिद्ध चेहरा होता, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच खासदार फुटले. म्हणून विरोधी खासदाराला दहा पत्रं लिहिण्यापेक्षा सत्ताधारी खासदाराला दोन लिहिलेली बरी.

समोरही गट असतो हे विसरू नका. २०१३ मध्ये संसदेने समानता कायद्यात जातीचा समावेश करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. दलित संघटनांनी त्यासाठी जोर लावला होता, अनेक हिंदू संघटनांनी विरोधात लावला. २०१७ च्या सल्लामसलतीत १६,००० हून जास्त उत्तरं आली आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने तसा कायदा करायचा नाही असं ठरवलं. एकदा संसदेत जिंकलेली लढाई पाच वर्षांनी कागदावर हरता येते.

सल्लामसलत म्हणजे सरकार मसुदा मांडून लोकांची मतं मागवतं ती पायरी. स्थलांतराच्या बाबतीत ती फार मोलाची, कारण स्थलांतराचे नियम बहुतेक वेळा नवा कायदा करून बदलत नाहीत. बदलांचं निवेदन संसदेपुढे ठेवलं जातं आणि कोणी हरकत मंजूर करून घेतली नाही तर ते लागू होतं. तोवर बोलायची वेळ निघून गेलेली असते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची नेहमीची मुदत पाचवरून दहा वर्षं करण्याचा विचार आला आणि नोव्हेंबरात त्यावर मतं मागवली गेली. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका, एकसारखी उत्तरं एकगठ्ठा मोजली जातात. विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं द्या, आणि आकडे द्या: किती वर्षं काम, किती कर भरला, मुलाच्या कॉलेजच्या फीवर काय परिणाम होईल.

नोकरीत असाल तर सगळ्यात जवळचा दबावगट कामगार संघटना. कुठल्याही कामाच्या व्हिसावर सभासद होता येतं. शिस्तभंगाच्या सुनावणीला संघटनेचा माणूस सोबत नेण्याचा कायदेशीर हक्क आहे. कायदेशीर संपात भाग घेतल्याने गेलेले दिवस व्हिसाच्या बिनपगारी रजेच्या मर्यादेत धरले जात नाहीत. केअर होममध्ये काम करणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

रस्त्यावर उतरताना

एका जागी उभं राहून निदर्शनं करायची तर पोलिसांना आधी कळवणं सक्तीचं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मोर्चा चालत नेणार असाल तर आयोजकाने सहा पूर्ण दिवस आधी लेखी कळवायचं: तारीख, वेळ, मार्ग, आयोजकाचं नाव-पत्ता. पोलिस जागा, वेळ, संख्या आणि २०२२ पासून आवाजावरही अटी घालू शकतात. संसदेसमोरच्या चौकात ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते. स्वतःला रेलिंगला साखळीने बांधणं २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा झाला. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने ही ओळ दोनदा वाचावी, कारण शिक्षा झाली तर ती प्रत्येक पुढच्या अर्जात लिहावी लागते. बंदी घातलेल्या संघटनेला पाठिंबा दाखवणारा नुसता फलक धरणंही दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. फलक हातात घेण्याआधी त्यावर कोणाचं नाव आहे ते वाचा.

मंडळाने काय करू नये

महाराष्ट्र मंडळं बहुधा चॅरिटी म्हणून नोंदलेली असतात. चॅरिटीला आपल्या उद्देशाशी जोडलेल्या कायद्यासाठी मोहीम करता येते, पण पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. गडबड होते ती गणपतीत नाहीतर दिवाळीत. कोणाच्या तरी ओळखीने एकाच पक्षाचा उमेदवार मंचावर येतो, शाल-श्रीफळ होतं, फोटो मंडळाच्या पानावर जातो, आणि निवडणूक दोन आठवड्यांवर असते. तक्रार झाली तर विश्वस्तांना उत्तर द्यावं लागतं. उमेदवारांना बोलवायचंच तर सगळ्यांना बोलवा, प्रश्न आधी ठरवा, वेळ सारखी द्या. 'हस्टिंग्ज' नावाची ही पद्धत इथे सर्वमान्य आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'अमक्याला मत द्या' हा संदेश अध्यक्षांनी टाकला तर तो खासगी की मंडळाचा हा वाद ओढवून घेऊ नये.

मंडळाबाहेर, चार मित्रांनी मिळून मोहीम करायला नोंदणी लागत नाही. गटाच्या नियमांचं एक पान आणि बँक खातं पुरतं. पण निवडणूक प्रचारावर १०,००० पौंडांच्या वर खर्च होणार असेल तर आधी इलेक्टोरल कमिशनकडे नोंद करायची. एखाद्या उमेदवारासाठी किंवा पक्षासाठी छापलेल्या पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रचार करणाऱ्याचं नाव-पत्ता हवाच. १ नोव्हेंबर २०२३ पासून ऑनलाइन जाहिरातीवरही प्रचार करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. सभेला चहा-वडे ठेवायला हरकत नाही. मात्र मताच्या बदल्यात खाऊपिऊ घालणं हा 'ट्रीटिंग' नावाचा गुन्हा आहे, आणि त्यात खाणाराही अडकू शकतो.